कडक गादीचा हट्ट

दसरा झाला की बदलापूर-अंबरनाथच्या इमारतींच्या गच्च्या गाद्यांनी भरतात. पावसाळाभर दमट राहिलेला कापूस ऑक्टोबरच्या उन्हाला लागतो, कुणी काठीने बडवतं, कुणी तासातासाने उलटतं, आणि संध्याकाळी गरम होऊन फुगलेली गादी पुन्हा पलंगावर येते. दिवाळीआधी गाद्यांना ऊन दाखवायची ही रीत फार चांगली. त्या दिवशी आणखी एक करावं. गादी सपाट पसरली की खाली वाकण्याऐवजी गुडघ्यावर बसून तिच्याकडे बाजूने बघावं. बहुतेक गाद्यांच्या मध्यावर खळगा दिसेल, नेमका कुल्ल्यांच्या जागी. शरीराचा सगळ्यांत जड भाग रोज रात्री सहा-सात तास तिथेच टेकलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी अशाच साफसफाईत माळ्यावरचा पितळी डबा उतरवताना माझ्या आईची कंबर धरली. शेजारपाजारच्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: गादी काढा, कडक झोपा. बाबांनी त्याच आठवड्यात सुताराकडून प्लायची फळी कापून आणली. पलंगावर फळी, फळीवर सतरंजी, सतरंजीवर गोधडी. आई दोन महिने त्यावर झोपली. तक्रार तिने केली नाही, पण सकाळी उठल्यावर ती आधी पलंगाचा कठडा धरायची, मग दाराची चौकट, मग ओटा. पहिला अर्धा तास तिचा हात कशाला ना कशाला टेकलेला असायचा. कंबर दुखायचीच, वर उजवा खांदा आणि कुल्ल्याचं हाडही दुखायला लागलं. आई आयुष्यभर कुशीवर झोपत आलेली बाई आहे, हे फळी आणताना आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

कडक झोपण्याचा सल्ला अगदी हवेतून आलेला नाही. आपल्याकडे सुतळीची बाज, नवारीचा पलंग, तारेच्या जाळीची लोखंडी खाट अशी झोपायची साधनं होती. जुनी झाली की सगळ्यांची झोळी व्हायची. झोळीत कंबर रात्रभर वाकलेली राहते. त्या झोळीपेक्षा जमीन बरी, हा अनुभव खराच होता. डॉक्टरही तेच सांगत. अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांची एक पाहणी 1996 साली छापून आली, तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टर कंबरदुखीच्या रुग्णाला कडक गादी सुचवत होते. पण हे कुणी नीट तपासून पाहिलेलं नव्हतं.

ते तपासलं स्पेनमध्ये, फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेली, झोपल्यावर आणि उठताना दुखतं असं सांगणारी 313 माणसं त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला कडक गादी, दुसऱ्याला मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे झोपणाऱ्याला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं. युरोपातल्या मोजपट्टीवर 1 म्हणजे सगळ्यांत कडक आणि 10 म्हणजे सगळ्यांत मऊ. कडक गादी होती 2.3 ची, मध्यम होती 5.6 ची. नव्वद दिवसांनी पाहिलं, तर झोपेतलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण या तिन्हींत सुधारणा होण्याची शक्यता मध्यम गादीवाल्यांमध्ये ढोबळमानाने दुप्पट होती. पुढे 2008 साली डेन्मार्कमध्ये पाण्याची गादी, फोमची गादी आणि कडक गादी अशी तुलना झाली. तिथेही कडक गादीच मागे पडली, फरक मात्र थोडासाच होता.

याचं कारण शरीराच्या आकारात आहे. आपण कुशीवर झोपतो तेव्हा खांदा आणि कुल्ला बाहेर आलेले असतात, कंबर आत असते. फळीवर खांदा-कुल्ला रुतत नाहीत, सगळं वजन त्या दोन हाडांवर येतं आणि मधली कंबर अधांतरी लोंबते. फार मऊ गादीत उलटं होतं: कुल्ले खोल जातात आणि कणा कमानीसारखा वाकतो. दोन्हीकडे स्नायू रात्रभर ताणलेलेच राहतात. खांदा आणि कुल्ला हवे तेवढे आत जाऊ देणारी आणि कमरेला खालून हात दिल्यासारखी भिडणारी गादी हवी. ‘मध्यम कडक’ याचा अर्थ एवढाच. म्हणून माझ्या आईसारख्या हलक्या, कुशीवर झोपणाऱ्या बाईला जी गादी मध्यम वाटते, ती नव्वद किलोच्या, उताणं झोपणाऱ्या माणसाला मऊ ठरते. एकच गादी सगळ्या घराला चांगली असूच शकत नाही.

आमच्या भागात गादी घ्यायची म्हटलं की पावलं उल्हासनगरकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी होती, दोन हजारांवर बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असंच सांगतात. सिंधी घरांत जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली रल्ली असते. आपल्या गोधडीचीच ती बहीण. रिकाम्या हाताने आलेल्या या माणसांनी कापडापासून फर्निचरपर्यंत सगळ्याचा बाजार उभा केला. इथल्या फर्निचर बाजाराचा मोठा गुण हा की गादी मापाने बनवून मिळते. पलंग सहा बाय साडेचार असो की बराकीतल्या खोलीला पुरेल एवढा दिवाण असो, स्लॅब समोर कापून देतात. कंबरदुखीच्या माणसाला याचा फार उपयोग आहे, पण काय मागायचं ते ठाऊक हवं.

पहिला घोळ ‘डेन्सिटी’ या शब्दाचा. दुकानात ‘ही बत्तीसची, ही चाळीसची’ असं सांगतात आणि गिऱ्हाईक समजतं की आकडा वाढला म्हणजे गादी कडक. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, किलोत. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल, लवकर बसेल की नाही, याचा अंदाज येतो. कडकपणा ही वेगळी गोष्ट. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. हलक्या डेन्सिटीचा कडक फोम दुकानात छान वाटतो आणि दीड-दोन वर्षांत कमरेखाली खळगा पाडतो. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

दुसरा घोळ ‘ऑर्थो’ या शब्दाचा. गादीवर हा शब्द छापला म्हणून ती कुणा अस्थितज्ज्ञाने तपासलेली असते असं नाही. तो विक्रीचा शब्द आहे. अनेकदा त्या खोळीत रिबॉन्डेड असतं, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेली जड, टणक लादी. ही लादी वाईट नाही. बसत नाही, टिकते, खालच्या थराला उत्तम. पण तिच्यावर एखाद-दुसरा इंच मऊ फोम किंवा लॅटेक्स नसेल तर ती फळीचंच भावंड. आम्ही फळीनंतर पहिली जी ‘ऑर्थो’ गादी आणली ती अशीच निघाली. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, आणि मला राग आला तो पैशांपेक्षा आईला आणखी एक महिना त्रास झाला याचा.

काथ्याची, म्हणजे कॉयरची गादी आपल्या दमट हवेला चांगली. काथ्यावर रबराचा चीक फवारून ती दाबलेली असते, आतून हवा खेळते. स्वभावाने ती कडक, त्यामुळे वर मऊ थर हवाच. मेमरी फोम अंगाच्या उबेने नरम होतो, माणूस त्यात रुततो आणि बदलापूरच्या मे महिन्यात घामाने भिजतो. कंबर दुखणाऱ्याला त्यात कूस बदलणंही जड जातं. माझं मत त्याच्या विरोधात आहे.

आणि आपली कापसाची गादी? तिला लोकांनी उगीच निकालात काढलं आहे. नीट पिंजलेल्या कापसाची, चार बोटं जाड, जवळजवळ टाके घातलेली गादी नवीन असते तेव्हा जवळपास हवी तेवढीच मध्यम कडक असते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, धुनकीच्या तारेचा आवाज गल्लीभर घुमायचा, आणि गोळे झालेला कापूस पुन्हा पिसासारखा व्हायचा. आता हे काम यंत्रावर होतं, पण गादी भरून देणारी दुकानं आहेत. दोन वर्षांनी पिंजून घेतली नाही तर मात्र कापूस दगड होतो. एक अडचण खरी आहे: कापसाची गादी जड असते. कंबर दुखत असताना ती एकट्याने उचलून गच्चीवर नेऊ नये.

आता निवड. दुकानात गादीवर बसून, हाताने दाबून काही कळत नाही. झोपावं लागतं. सोबत घरचं एक माणूस न्यावं. आपण रोज जसे झोपतो तसंच, रोजच्या उशीसह, किमान पंधरा मिनिटं पडून राहावं. उताणं झोपणाऱ्याच्या कमरेच्या खाचेत सोबतच्याने तळहात सरकवावा. हात सहज आरपार गेला आणि वर पोकळी राहिली तर गादी कडक. हात घालायला जागाच नसेल तर मऊ. हात थोडा घासत, भरून गेला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्याच्या मागे उभं राहून मानेपासून माकडहाडापर्यंतची रेष बघावी, ती सरळ आडवी दिसली पाहिजे. कॅम्पातल्या एका दुकानात आई संकोचून पाय खाली सोडून बसली होती. दुकानात बाहेरच्या माणसांसमोर झोपायचं कसं, हा तिचा प्रश्न. मालक उठले, त्यांनी अर्धं शटर ओढलं आणि म्हणाले, “माताजी, निवांत झोपा, घाई नाही.” मग आईने तीन गाद्या बदलल्या. तिसरीवर तिने डोळे मिटले.

घरी आणल्यावर ती कशावर ठेवणार हेही तितकंच महत्त्वाचं. दुकानातला तळ सपाट असतो, आपल्या पलंगाच्या पट्ट्या वाकलेल्या असतात. इथे फळी कामाची आहे, पण गादीच्या खाली. पती-पत्नीच्या वजनात फार फरक असेल तर दोन वेगळ्या कडकपणाच्या सिंगल गाद्या शेजारी ठेवून वर एक चादर घालावी. आम्ही तेच केलं: बाबांकडे कडक, आईकडे खाली रिबॉन्डेड आणि वर दोन इंच मऊ थर. थर चिकटवू दिले नाहीत, चेनच्या खोळीत सुटे ठेवले. वरचा थर बसला तर तेवढाच बदलता येतो.

गादीकडून अवास्तव अपेक्षा मात्र नको. बदलापूरहून मुंबईचं सीएसएमटी स्थानक लोकलने 68 किलोमीटर. दीड तास उभ्याने जाणारा, उल्हासनगरात दिवसभर शिलाई मशीनवर वाकणारा, अंबरनाथच्या एमआयडीसीत वजन उचलणारा, यांची कंबर रात्रीच्या गादीने एकटीने सुधारणार नाही. अंथरुणाला खिळून राहणं तर घातकच. 1986 साली अमेरिकेत 203 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन दिवस विश्रांती सांगितलेल्यांचे खाडे सात दिवस सांगितलेल्यांपेक्षा 45 टक्क्यांनी कमी झाले होते. आणखी एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या कमरेत वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उठल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत वाकणं टाळायला शिकवल्यावर जुनं दुखणं कमी झालेलं दिसलं. आपल्याकडे पहाटे पाणी येतं आणि भरलेली बादली वाकून उचलण्यानेच दिवस सुरू होतो. ती बादली दुसऱ्या कुणीतरी उचलावी, किंवा अर्धी भरावी.

पायात जोर कमी वाटला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर गादीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतही डॉक्टर लांबणीवर टाकू नये. तरुण मुलगा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला असेल आणि चालल्यावर मोकळा होत असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो.

आई अजून कुशीवरच झोपते, दोन गुडघ्यांमध्ये जुन्या साडीची छोटी उशी घेऊन. सकाळी उठल्यावर कठडा धरते, पण चौकट आणि ओटा नाही. बाबांनी आणलेली ती फळी तिने गच्चीवर नेऊन ठेवायला लावली. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळतात.