तारेचे टोक आणि स्पीकरचा सूर

घरी नवा अँप्लिफायर येतो, स्पीकरची जोडी येते. मोठ्या हौसेने आपण रेकॉर्ड लावतो आणि पाहावे तो तबल्याचा डग्गा घुमतच नाही! मग दोष कोणाला द्यावयाचा? बहुतेक जण स्पीकरला देतात. पुष्कळदा चूक असते ती तारेच्या टोकाशी.

दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. एकाची तार उलटी लागली, तर एक पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसरा ती ओढतो. खर्ज आपसांतच जिरतो, आणि मधोमध बसलेला वाटावा तो गवई खोलीभर विखुरतो. म्हणून अँप्लिफायरच्या लाल टर्मिनलची तार स्पीकरच्याही लाल टर्मिनललाच जावी. जोडतारेपैकी एकीवर रेघ किंवा उंचवटा असतो, ती खूण धरून चाला. शंका वाटली, तर साध्या स्पीकरची तार अँप्लिफायरपासून सोडवा आणि तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभरच लावून बघा. सेलचे धन टोक लाल तारेला लावताच मोठा पडदा पुढे यावयास हवा.

आता तार किती जाड हवी? तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची जोडतार १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिचा रोध सुमारे पाव ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत मात्र तो ०.७ ओहमच्या घरात जातो, आणि तेवढी शक्ती तारेतच उष्णता होऊन वाया जाते. तेव्हा तार जाड असावी. महागच असावी असे नाही.

जोडणीपूर्वी वीज बंद करा, प्लग काढूनच ठेवा. टोकावरचे वेष्टन सुमारे एक सेंटिमीटर सोला, पण आतले तंतू तुटू देऊ नका. ते घट्ट पिळा. एखादा केसाएवढा तंतू जरी शेजारच्या टर्मिनलला टेकला, तरी अँप्लिफायर जळू शकतो! स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. डाखाचा धातू मऊ. दाबाखाली हळूहळू पसरतो आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा पकडीने दाबून बसविलेला चिमटा किंवा बनाना प्लग बरा. नुसती तार लावलीत तरी चालेल, पण घट्ट लावा.

महिन्याभराने, वीज बंद करून, स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहा. पुढे केव्हा टोक काळे पडलेले दिसले, तर तेवढे छाटून नवे सोला. एवढे करूनही डग्गा घुमला नाही, तर मग खुशाल स्पीकर दुरुस्तीला न्या.