गावाचं मैदान (भाग ५) : साठ मीटरची सरळ रेघ

मागच्या भागात माणसं जमवली: शिक्षक, गावातले तरुण, अंगणवाडीताई, सुट्टीला आलेले चाकरमानी. आता जमीन. महाड-पोलादपूरकडे मुलांच्या मैदानी स्पर्धा भरवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आमच्याकडे सपाट जागा आहे कुठे?" बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

प्रश्न खरा आहे. एकीकडे सह्याद्रीची धार, दुसरीकडे सावित्रीचं खोरं, आणि मधे जी थोडी सपाटी आहे ती भाताची. महाड शहरात चांदे क्रीडांगण आहे, पण कापडे, उमरठ किंवा वरंधच्या वरच्या वाडीतल्या पोराला तिथे यायचं तर एसटीची वेळ जमावी लागते आणि घरातलं एक मोठं माणूस मोकळं असावं लागतं. ऐन कामाच्या दिवसांत ही दोन्ही एकदम जुळत नाहीत. म्हणून माझं सांगणं असं, की चारशे मीटरच्या मैदानाची वाट बघत बसू नका. लहान मुलांसाठी साठ मीटरची एक सरळ रेघ पुरते. ती नीट मोजलेली मात्र हवी.

मोजण्यावर मी इतका जोर का देतो, त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले. पळणारी मुलं शेतात राबणारी, साधंसुधं खाणारी. मैदान लहान, जमीन ओबडधोबड. जागा नाही म्हणून शंभर यार्डांची शर्यत वळणावरून आणि मधे दोऱ्या न लावताच घ्यायचं चाललं होतं, असं दोराबजींनी पुढे एका पत्रात लिहिलं आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीतले गडी खडीच्या रस्त्यावर अनवाणी सराव करत. त्यांचा दम पाहूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायची खटपट सुरू झाली, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पाय होतेच. अडत होतं ते आखलेल्या मैदानाशी आणि नियमांच्या माहितीशी. आपल्या दोन तालुक्यांत आजही बरंचसं तसंच आहे. डोंगर चढून शाळेत येणाऱ्या मुलीचा दम सगळ्या गावाला ठाऊक असतो, पण तिने साठ मीटर किती सेकंदांत काढले ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

जागा ठरवण्याआधी दिवस ठरवावा लागतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, तेव्हा आपली मैदानं चिखलात असतात. पुढे भातकापणीला घरातल्या प्रत्येक हाताला काम. आणि दिवाळी झाली की कातकरी वाड्यांतली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामाला निघून जातात, पोराबाळांसकट. स्पर्धा नुसती जानेवारीत ठेवली तर ही मुलं कुणाच्याही नकळत यादीतून गळतात. मला हे सर्वांत जास्त लागतं, कारण चपळाईत ती कुणाला हार जाणारी नाहीत. म्हणून पहिला मेळावा दसरा-दिवाळीच्या आसपास शाळेच्या अंगणातच घ्या, रेघ चाळीस मीटरची निघाली तरी चालेल. दुसरा जानेवारीत. तिसरा शिमग्याला, चाकरमानी गावात असताना, म्हणजे पंच आयते मिळतात. मार्चचं ऊन कडक, तेव्हा सकाळी सातला सुरुवात आणि दहाच्या आत समारोप. पाण्यात मीठ-साखर घालायची तर एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने सपाट मोजून.

आता जागा. साठ मीटर धाव, सुरुवातीला उभं राहायला तीन मीटर आणि शेवटी थांबायला किमान पंधरा-सतरा मीटर, असे एकूण ऐंशी मीटर धरा. एका पट्ट्याची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे चार मुलांना पाच मीटर पुरतात. खाडीपट्टीकडे किंवा बिरवाडीच्या बाजूला भात निघाल्यावर एवढं लांब खाचर मिळू शकेल. मालकाला मात्र आधी विचारा, कारण भातामागून त्याच ओलीवर वाल, पावटा पेरतात. पेरलेल्या रानात पाय टाकायचा नाही आणि बांध फुटू द्यायचा नाही, हे मुलांनाही बजावून ठेवा. धसकटं अनवाणी पायात घुसतात, ती जमिनीलगत कापून घ्यावी लागतात. पोलादपूरच्या वरच्या गावांत खाचरं तुकड्यातुकड्यांची असल्यामुळे तिथे गावचा माळ बरा.

माळ साफ करताना एक गोष्ट पक्की पाळा. दगड मुलांकडून उचलून घेऊ नका. लाल विंचू दगडाखाली बसतो, आणि त्याचा दंश लहान मुलाच्या हृदयावर जातो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या याच भागात काम करून या दंशावर प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला. तो आज देशभर वापरला जातो, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दगड मोठ्यांनी हलवावेत, तेही काठीने उलटून, पायात बूट घालून. जवळच्या आरोग्य केंद्राला स्पर्धेचा दिवस आधी कळवून ठेवावा.

आखणीला फायबरचा किंवा पोलादी टेप घ्या. कापडी टेप ताणला जातो. दोन खुंट्या, मधे नायलॉनची दोरी, दोरीवर फक्की. कळीचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर इजा होते. फक्की नसेल तर रांगोळी किंवा चुलीतली राख चालते. उतार पाहायला गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. नियमाप्रमाणे धावण्याच्या दिशेने उतार हजारात एक, म्हणजे साठ मीटरला सहा सेंटिमीटर. आपल्याकडे इतकं सपाट क्वचितच मिळेल. अशा वेळी मुलांना चढाच्या बाजूला पळवा. वेळ थोडी जास्त लागेल, पण पडझड कमी होईल. वहीत 'चढ' अशी नोंद करा आणि पुढच्या खेपेलाही तीच दिशा ठेवा.

कुठे अठ्ठ्याऐंशी मीटर लांब आणि अठ्ठेचाळीस मीटर रुंद तुकडा मिळालाच, तर दोनशे मीटरचा चार पट्ट्यांचा ट्रॅक बसतो. दोन सरळ बाजू चाळीस-चाळीस मीटरच्या, आणि दोन्ही टोकांना १८.९० मीटर दोरीने काढलेली अर्धवर्तुळं. मुलगा रेघेपासून वीस सेंटिमीटर बाहेरून पळतो असं धरून हा हिशेब आहे. काटकोन तीन-चार-पाचच्या दोरीने काढा, आपले गवंडी पाया आखताना तेच करतात. पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या पट्ट्याला ७.६७, तिसऱ्याला १५.३३ आणि चौथ्याला २३ मीटर पुढे उभं करावं लागतं. हे केलं नाही तर बाहेरचं मूल तेवढं जास्त पळतं आणि आपण त्याला हरलेलं म्हणतो.

घड्याळाचंही तसंच. आवाजाला साठ मीटर यायला जवळजवळ ०.१८ सेकंद लागतात, म्हणून शिट्टी ऐकून घड्याळ दाबू नका. सोडणाऱ्याचा झेंडा खाली येताना दिसला की दाबा. हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशात लिहायची: ९.३२ आली तर ९.४. तिघांनी वेळ घेतली तर मधली धरायची.

बुटांचा प्रश्न हमखास निघतो. नियमांत अनवाणी धावायला मुभा आहे. बूट सक्तीचे करून कुणाला घरी बसवू नका.

आणि कृपा करून पहिल्याच फेरीत मुलं बाद करू नका. दहा वर्षांचं पोर दोन तास चालून यावं आणि नऊ सेकंदांत त्याचा दिवस संपावा, हे मला पटत नाही. प्रत्येकाला धाव, लांब उडी आणि चेंडूफेक, तिन्ही मिळाल्या पाहिजेत. राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धेतही चौदा वर्षांखालील मुलांसाठी ट्रायथलॉन असते आणि तिच्यात साठ मीटरची धाव असते, तेव्हा आपली रेघ पुढेही उपयोगी पडेल. इंग्लंडात ज्युनिअर पार्करन नावाने चार ते चौदा वर्षांच्या मुलांची दोन किलोमीटरची फुकट धाव रविवारी सकाळी भरते, सगळी स्वयंसेवकांच्या जिवावर. तिथे प्रत्येकाची वेळ लिहिली जाते, शेवटच्याचीही. मोठं बक्षीस आणि मोठा मांडव यांपेक्षा ही वही मला मोलाची वाटते. पुढच्या मेळाव्यात मूल आधी स्वतःचाच आकडा शोधतं.

पुढच्या भागात उडीचा खड्डा आणि फेकीची जागा. तोवर दोन्ही तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती: आपल्या वाडीत ऐंशी मीटरची मोकळी पट्टी कुठे निघते ते टेप घेऊन मोजून ठेवा. आणि मुंबईकर मंडळींनो, या खेपेला गावी येताना शाळेसाठी पन्नास मीटरचा एक टेप आणि दोन स्टॉपवॉच घेऊन या.