पावशा खुर्चीवर का मुतला?

मांजर कोणाच्या घरी नाही? शेतकऱ्याच्या घरी कणगी असते, धान्याची पोती असतात. तेथे उंदीर येतो. उंदराच्या मागोमाग मांजर येते. ते कोणी विकत आणत नाही. एक दिवस ते चुलीपाशी येऊन बसते आणि घरचे होऊन जाते.

असेच एक मांजर आमच्या घरी आले. त्याने आम्हांला पुष्कळ त्रास दिला. आम्ही त्याला त्याहून जास्त दिला. आमचे काय चुकले ते येथे सांगतो. म्हणजे तीच चूक तुमच्या हातून होणार नाही.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये हे रेल्वेचे स्टेशन आहे. पूर्वी येथे रेल्वेचे मोठे वीजघर होते. आता ते बंद आहे. जिकडे तिकडे इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी रुळांच्या कडेला गवत आहे, झुडपे आहेत. तेथे पुष्कळ मांजरे राहतात. ती कोणाची नाहीत. माणूस दिसला की पळून जातात.

२०२२ सालच्या पावसाळ्यात त्यांतला एक बोका आमच्या जिन्यात आला. भिजून अगदी चिंब झाला होता. आमच्या नातवाने त्याला भात आणि मासळी घातली. रोज घातली. महिन्याभराने बोका घरात येऊ लागला. पावसात आला म्हणून नातवाने त्याचे नाव ठेवले पावशा.

आमच्या घरी एक गादीची खुर्ची आहे. आम्ही मुख्याध्यापक होतो. निवृत्त झालो तेव्हा शाळेतल्या मुलांनी वर्गणी काढून ती आम्हांला दिली. आम्ही तीवर कोणाला बसू देत नसू. पावशाने नेमकी तीच खुर्ची धरली. आधी पाठीवर लघवीची पिचकारी मारी. पुढे दिवाळीनंतर गादीवरच बसून मुतू लागला. घरभर वास सुटला. पाहुणा आला की सूनबाई उदबत्ती लावी.

शेजारी म्हणाले, “मास्तर, पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या.”

आम्ही ते केले नाही. पण दुसरे वाईट काम केले. एके सकाळी गादी पुन्हा ओली दिसली. आमचा राग अनावर झाला. आम्ही पावशाला मानेला धरले, त्याचे नाक गादीवर घासले आणि छडीने दोन फटके मारले. तो पलंगाखाली जाऊन बसला. दिवसभर बाहेर आला नाही.

रात्री नातू म्हणाला, “आजोबा, पावशा सारखा बसतोय, पण काही होत नाहीये. रडतोय तो.”

आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, पोट साफ होत नसेल त्याचं. एरंडेल देऊ या का थोडं?”

नातू ऐकेना. त्याच्या हट्टामुळे आम्ही पावशाला टोपलीत घातले, वर पंचा बांधला आणि रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला. पोटात चेंडूएवढी टणक गाठ लागत होती. ती लघवीने भरलेली पिशवी होती. लघवीची वाट बंद झाली होती. डॉक्टरांनी औषध देऊन त्याला निजवले, बारीक नळी घातली आणि लघवी काढली. ती लाल होती.

डॉक्टर म्हणाले, “सर, आजची रात्र थांबला असतात तर हा वाचला नसता. गेले काही दिवस इकडे तिकडे मुतत होता का?”

आम्ही खाली मान घातली. पावशा खोडी करत नव्हता. त्याला दुखत होते. तोंडाने सांगता येईना, म्हणून तो गादीवर सांगत होता. छत्तीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले. हे मात्र आम्हांला वाचता आले नाही.

मांजर भलत्या ठिकाणी लघवी का करते? डॉक्टरांनी आम्हांला तीन कारणे सांगितली. ती एकेक करून पाहू.

पहिले कारण : दुखणे

मांजराचे पूर्वज कोरड्या, रेताड मुलखातले रानमांजर. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तीत माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले होते. इतका जुना आपला आणि मांजराचा शेजार आहे. पण कोरड्या मुलखाची सवय मांजराने सोडली नाही. ते पाणी थोडे पिते. म्हणून त्याची लघवी दाट असते. दाट लघवीत कधी बारीक खडे धरतात. कधी पिशवी आतून सुजते. मग लघवी करताना आग होते. मांजराला वाटते, ही आग या जागेमुळे होते. म्हणून ते नेहमीची जागा सोडते आणि मऊ गादी, गोधडी शोधते.

बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. ती खड्याने बंद पडते. बोका वारंवार बसतो, कण्हतो, खालची जागा चाटतो, पण थेंब पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. एक-दोन दिवसांत बोका मरतो. एरंडेल देऊ नये. माणसाच्या तापाची गोळीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

दुखणे टाळायचे तर मांजराच्या पोटात पाणी जास्त जावे. पाण्याची वाटी जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवावी. रोज ताजे पाणी भरावे. मासळी शिजवलेले पाणी मीठमसाला न घालता भातात कालवून द्यावे.

दुसरे कारण : हद्दीची खूण

शेताच्या बांधावर आपण दगड पुरतो. इथपर्यंत माझे, पुढे तुझे. बोका दगड पुरत नाही. तो लघवीची पिचकारी मारतो. त्या वासात त्याचे सांगणे असते, की येथे मी राहतो.

ही खूण आणि साधी लघवी यांतला फरक ओळखता येतो. खूण करताना मांजर उभे राहते. शेपूट ताठ वर करते. शेपटीचे टोक थरथरते. पिचकारी भिंतीवर, दारावर, खुर्चीच्या पाठीवर उडते. लघवी थोडीच असते, पण वास उग्र असतो. साधी लघवी मांजर खाली बसून करते आणि जमिनीवर किंवा गादीवर थारोळे होते.

आमच्या खिडकीत रोज रात्री दुसरा एक बोका येऊन बसत असे. खुर्ची त्याच खिडकीपाशी होती. म्हणून पावशाने खुर्चीच्या पाठीवर खूण केली. खुर्ची मुलांनी दिलेली आहे, हे त्याला काय ठाऊक?

यावर खरा उपाय एकच. बैलाला खच्ची करतात, तसे बोक्याला करून घ्यावे. हे काम डॉक्टरच भूल देऊन करतात. घरी कोणी करू नये. दहांपैकी सुमारे नऊ बोके त्यानंतर पिचकारी मारणे सोडतात किंवा फार कमी करतात. काहींची सवय जायला काही आठवडे लागतात. मांजरीचेही शस्त्रकर्म करून घ्यावे. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा पिले होत नाहीत. ती पिले उकिरड्यावर मरतही नाहीत.

तिसरे कारण : भय आणि गैरसोय

पिलू दोन ते सात आठवड्यांचे असते, तेव्हा त्याला माणसाचा हात लागला तर ते माणसाळते. ते दिवस रानात गेले तर पुढे वेळ लागतो. महिने लागतात. अशा मांजराला घरातले भांड्यांचे आवाज, कुकरची शिटी, मुलांची धावपळ, सगळ्याची भीती वाटते. भ्यालेले मांजर जिथे असेल तिथे मुतते.

शिवाय रुळांकडच्या मांजराला मातीत उकरायची सवय असते. घरात फरशी. माती कोठे आहे? मग गादी त्याला मातीसारखी मऊ लागते.

म्हणून असे करावे. पहिले काही आठवडे त्याला एकच शांत खोली किंवा पडवीचा कोपरा द्यावा. लपायला एक खोके आडवे ठेवावे. ओढून बाहेर काढू नये. रोज ठरल्या वेळी जेवण द्यावे आणि जवळ नुसते बसावे. एका घमेल्यात चार बोटे माती किंवा वाळू भरावी. घमेले जेवणापासून लांब, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. रोज घाण काढावी. आठवड्याला सगळी वाळू बदलावी. एका मांजराला दोन घमेली असली तर फार बरे. आम्ही एकच घमेले ठेवले होते. तेही मोरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. यंत्र घरघर करू लागले की पावशा पळत असे.

घरात गरोदर बाई असेल तर घमेले तिने साफ करू नये. मांजराच्या शीतून एक रोग पोटातल्या बाळाला होऊ शकतो. दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ करावे आणि हात साबणाने धुवावे. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होतो.

वास कसा काढावा?

जुना वास राहिला तर मांजर पुन्हा तेथेच जाते. आपल्या नाकाला वास गेला असे वाटते, पण मांजराचे नाक फार तिखट असते.

ओली जागा आधी फडक्याने टिपून घ्यावी. घासू नये. मग साधे पाणी ओतावे आणि पुन्हा टिपावे. नंतर कपडे धुण्याची, एन्झाइम घातलेली पावडर कोमट पाण्यात कालवून लावावी. लघवीतली घाण एन्झाइम फोडून टाकते. थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवावे आणि गादी कडक उन्हात वाळवावी. आत कापसापर्यंत लघवी मुरली असेल, तर कापूस काढून उन्हात घालावा किंवा बदलावा.

फिनेल वापरू नये. आम्ही वापरले होते, तेही चुकलेच. फिनेल मांजराच्या पायाला लागते. मांजर पाय चाटते आणि त्याला विषबाधा होते. अमोनियाचे औषधही नको. त्याचा वास मांजराला लघवीसारखाच लागतो.

आणि मारू नये. फटका कशासाठी बसला, हे मांजराला कळत नाही. त्याला इतकेच कळते, की हा माणूस धोक्याचा आहे. मग ते आपण नसताना, पलंगामागे मुतते.

सोडून का देऊ नये?

पोत्यात घालून लांब सोडलेले मांजर बहुधा उपाशी मरते, नाही तर गाडीखाली येते. आणि त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरा बोका येतो. तोही पिचकारी मारतोच. पाळलेले जनावर असे उपासमारीला सोडणे हा १९६० सालच्या प्राण्यांविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे.

मांजराचा उपयोगही थोडा नाही. आपल्या मुलखात प्लेगने लाखो माणसे मेली. त्या काळात अमरावतीला ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. १९०८ साली त्यांनी लिहिले, की ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तेथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण कणगीतला उंदीर मांजरानेच धरावा, हे आजही खरे आहे.

पावशा चार दिवसांनी घरी आला. पुढे बरा झाल्यावर त्याला खच्ची करून घेतले. खुर्ची खिडकीपासून हलवली. दोन घमेली ठेवली, एक गॅलरीत आणि एक पलंगामागे. गादीचा कापूस बदलला. दोन महिन्यांत सगळे थांबले.

एक गोष्ट मात्र लवकर गेली नाही. आम्ही हातात काठी घेऊन फिरायला निघालो, की पावशा पलंगाखाली जाई. वर्षभर तसेच चालले. मग आम्ही काठी दाराबाहेर ठेवू लागलो. आता तो त्या खुर्चीवर झोपतो आणि आम्ही शेजारच्या स्टुलावर बसून पेपर वाचतो.

तुमच्या घरी मांजर गोधडीवर मुतले, तर आधी काठी शोधू नका. आधी पाहा. ते उभे होते की बसले होते? लघवी भरपूर झाली की थेंबच पडले? लाल होती का? खिडकीत दुसरा बोका येतो का? घमेले स्वच्छ आहे का? एवढे पाहिले की पुढे काय करायचे ते कळते.

विचार करा आणि सांगा

१. बोका वारंवार बसतो पण लघवी होत नाही. तुम्ही काय कराल?
२. खुणेची पिचकारी आणि साधी लघवी यांत फरक काय?
३. मांजर असलेल्या घरात फिनेल का वापरू नये?
४. तुमच्या गावाला जनावरांचा दवाखाना कोठे आहे? तो केव्हा उघडतो? विचारून वहीत लिहून ठेवा.