पंचाची चार मिनिटे

हरलेल्या संघाच्या पाठीराख्याला पंचाविषयी विचारू नये आणि जिंकलेल्याला विचारून उपयोग नाही. त्याला पंच आठवतच नसतो. मग पंचाने काम कसे केले हे ठरवायचे कुणी? फुटबॉलच्या जगाने यावर तोडगा काढलेला आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याला एक निरीक्षक हजर असतो. पंच चेंडूपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात होता, कार्ड काढायला उशीर केला का, लाइन्समनशी त्याचा मेळ कसा होता, सामना मुळात किती अवघड होता, हे सारे पाहून तो गुण देतो. बँकेत नोकरी केलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटतो. शाखेची तपासणी करणारा अधिकारी असेच करतो. कर्ज बुडाले एवढ्यावरून तो मंजूर करणाऱ्याला दोषी धरत नाही (निदान धरू नये). त्या दिवशी टेबलावर कोणते कागद होते आणि ते वाचले होते का, हे तो विचारतो.

या नजरेने १९८६ च्या विश्वचषकातला अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड हा उपांत्यपूर्व सामना पाहावा. २२ जून, मेक्सिको सिटीचे अझ्टेका स्टेडियम, एक लाख चौदा हजारांवर प्रेक्षक. फॉकलंडच्या युद्धाला जेमतेम चार वर्षे झालेली. शिटी होती ट्युनिशियाच्या अली बिन नासरच्या हाती.

५१ व्या मिनिटाला इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने उडवलेला चेंडू उंच वळून त्याच्याच गोलकडे गेला. सहा फुटी गोलरक्षक पीटर शिल्टन आणि साडेपाच फुटी मॅराडोना एकाच वेळी उसळले. मॅराडोनाने डाव्या मुठीने चेंडू जाळ्यात घातला. टीव्हीवर रिप्ले पाहणाऱ्या जगाला ते दिसले, पंचाला दिसले नाही. बिन नासरने पुढे अनेकदा सांगितले की, दोघेही त्याला पाठमोरे होते आणि लाइन्समन बोग्दान दोचेव्हच्या मात्र समोर होते. तो घुटमळला, त्याने दोचेव्हकडे पाहिले. बल्गेरियाच्या दोचेव्हने निशाण उचलले नाही. सहकारी अधिक चांगल्या जागी असेल तर त्याचे मत मानावे, अशी फिफाची सूचना होती. बिन नासरने गोल दिला.

जगाने त्याला नापास केले ते इथेच. पण घड्याळ थांबले नव्हते. ५५ व्या मिनिटाला आपल्याच अर्ध्या मैदानात मॅराडोनाकडे चेंडू आला आणि बियर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, शेवटी शिल्टन असा एकेकाला चकवत त्याने जो गोल केला त्याचे वर्णन पुन्हा करण्याची गरज नाही. त्या धावेत बिन नासर कुठे होता, हे मात्र फारसे कुणी पाहत नाही. तो मागोमाग पळत होता. वाटेत धक्के लागत होते, मॅराडोना कोसळेल असे त्याला वाटत होते, आणि तरीही दर वेळी त्याने शिटी तोंडाशी न नेता खेळ चालू ठेवला. एक शिटी वाजली असती तर अर्जेंटिनाला फ्री किक मिळाली असती. नियमाला धरून, कुणीही नावे न ठेवता. शतकातला सर्वोत्तम म्हणून गणला जाणारा गोल मात्र झाला नसता. न वाजवलेल्या शिटीचे गुण कोणत्या रकान्यात लिहायचे? हप्ते वेळेवर फिटणाऱ्या कर्जाची फाइल पुन्हा कुणी उघडत नाही, तसेच हे.

याउलट ग्रॅहम पोल. २२ जून २००६, तारीखही तीच, स्टुटगार्ट. क्रोएशियाच्या सिमुनिचला या इंग्लिश पंचाने ६१ व्या मिनिटाला पिवळे कार्ड दाखवले, ९० व्याला दुसरे दाखवले आणि मैदानाबाहेर काढायचे विसरला. तिसरे पिवळे कार्ड दाखवल्यावर मग लाल निघाले. घोटाळा वहीत होता. सिमुनिचचे एक कार्ड ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या नावावर पडले होते. सिमुनिचचा जन्म कॅनबेराचा, बोलणे ऑस्ट्रेलियन ढंगाचे, तेही गोंधळात भर घालणारे. नंबर बरोबर, खाते दुसऱ्याचे! सामना २-२ सुटला, ऑस्ट्रेलिया पुढे गेला, या चुकीने कुणाचे काही बिघडले नाही. तरी माझ्या लेखी पोलची चूक बिन नासरपेक्षा मोठी. हाताखाली दोन लाइन्समन, शिवाय चौथा पंच, आणि कुणीही नोंद पडताळली नाही. पोलने त्यानंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून निवृत्ती घेतली.

मी निरीक्षक असतो तर अझ्टेकावरच्या त्या दुपारी बिन नासरला चांगले गुण दिले असते आणि चौकशी दोचेव्हच्या जागेपासून सुरू केली असती. तीही सोपी नाही. काहीतरी चुकीचे घडले हे आपल्याला जाणवले होते, पण त्या काळात पंचाच्या निर्णयावर त्याच्याशी चर्चा करण्याची लाइन्समनला मुभा नव्हती, असे तो पुढे म्हणत असे. शंका आली तर निशाण उचलता येत नव्हते का, हा प्रश्न उरतोच. पण एक जण सहकाऱ्याच्या इशाऱ्याची वाट पाहतो आणि सहकारी समजतो की विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हे चित्र कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला परके नाही. २०१८ च्या विश्वचषकापासून व्हिडिओवर पाहणारे पंच आले. आता तो गोल अर्ध्या मिनिटात रद्द होईल.

दोचेव्ह २०१७ साली वारला. बिन नासरला २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात जाऊन भेटला, सही केलेली जर्सी देऊन आला. त्या सामन्याचा चेंडू बिन नासरने जपून ठेवला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात लंडनला त्याचा लिलाव झाला आणि वीस लाख पौंड आले. त्याच वर्षी मे महिन्यात मॅराडोनाची त्या सामन्यातली जर्सी ७१ लाख पौंडांना गेली होती. ती इतकी वर्षे हॉजकडे होती, म्हणजे ज्याने तो चेंडू मागे उडवला होता त्याच्याकडे.