माचा फ्रिजमध्ये ठेवूनही का बिघडतो?

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये चहाचे दोन डबे आहेत. आईने पुण्याहून बांधून दिलेली चहा पावडर गॅसशेजारच्या फळीवर असते. सहा महिने झाले तरी चहा फक्कड होतो. दुसरा डबा माचाचा, फक्त ३० ग्रॅमचा. तो मी फ्रिजच्या दारात अगदी जपून ठेवला होता. तीन आठवड्यांत रंग पिवळट झाला, गोळे पडले आणि लसणाच्या चटणीचा वास यायला लागला. ज्याचे लाड केले तोच बिघडला. असं का झालं असेल?

चहाचं पान खुडलं की त्यातली विकरं कामाला लागतात आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पान काळपट होत जातं. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच. आपल्या नेहमीच्या चहात ही क्रिया मुद्दाम पूर्ण होऊ देतात. म्हणजे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं, आणि म्हणून हा चहा फळीवर निवांत टिकतो.

माचाचं उलट आहे. तोडणीआधी साधारण तीन-चार आठवडे झुडपं झाकून सावलीत ठेवतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य भरपूर साठतं. तोडल्याबरोबर पानांना वाफ देऊन विकरं थांबवतात. मग पानं वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यावर तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पीठ निघतं, इतकं ते बारीक असतं. विकरं थांबली तरी ऑक्सिजन आपलं काम करतोच, आणि पीठ जितकं बारीक तितका हवेशी संबंध जास्त. त्यात उष्णता आणि ओलावा मिळाला की हरितद्रव्याच्या रेणूतला मॅग्नेशियमचा अणू निसटतो आणि जास्त शिजलेल्या पालकासारखा रंग येतो. उजेडानेही रंग उडतो. शिवाय बारीक पीठ आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतं. लसणाचा उलगडा इथे झाला!

मग फ्रिज चूक की बरोबर? थंडावा बरोबर, माझी डबा उघडायची पद्धत चूक. एसी लावलेल्या खोलीत २४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरा. अशी हवा साधारण १३ अंशांखालच्या कशालाही लागली की त्यावर पाणी धरतं. ताकाच्या थंडगार ग्लासावर थेंब जमतात ते याचमुळे. फ्रिजमधला डबा असतो ४-५ अंशांवर. मी तो रोज सकाळी काढून लगेच उघडायचो, म्हणजे रोज थोडं पाणी आत जायचं. इथल्या उन्हाळ्यात खिडकी उघडी असेल तर विचारायलाच नको.

यावरचा उपाय शोधत होतो, तर तो आईच्या स्वयंपाकघरातच होता. लोणच्याची मोठी बरणी ती रोज उघडत नाही. आठवड्यापुरतं लोणचं छोट्या बरणीत काढते, तेही कोरड्या चमच्याने. माचाचंही तसंच करायचं. एका वाटीला साधारण २ ग्रॅम लागतो, म्हणजे आठवड्याला १४ ग्रॅम. तेवढा छोट्या, अपारदर्शक, घट्ट झाकणाच्या डबीत काढून गॅसपासून लांब, एसीच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. बाकीचा हवाबंद करून फ्रिजमध्ये. पुन्हा काढायचा असेल तेव्हा दोन-तीन तास आधी बाहेर ठेवा आणि खोलीइतका कोमट झाल्यावरच उघडा. सीलबंद पाकीट फ्रीजरमध्येही चालतं, पण ते उघडण्याआधी रात्रभर बाहेर राहू द्या. एकदा उघडलेला माचा महिन्याभरात संपवलेला बरा.

दुबईत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उन्हात उभ्या गाडीत पाकीट विसरू नका. आणि सुट्टीत एसी बंद करून गावी जाताना कपाटातली डबीही फ्रिजमध्ये टाकून जा.

जपानी लोकांनाही ही अडचण माहीत होती. पूर्वी वसंतात तोडलेली पानं ते मातीच्या रांजणात सील करून ठेवत, नोव्हेंबरात सील फोडत आणि लागेल तेवढीच दळत. पान टिकतं, पीठ टिकत नाही. आपल्याकडे अख्खे धने-मिरे टिकतात, कुटलेल्या मसाल्याचा वास मात्र लवकर उडतो, तोच हा हिशोब.

२०२४ च्या शरद ऋतूत मागणी इतकी वाढली की क्योटोतल्या इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या जुन्या कंपन्यांनी विक्रीवर मर्यादा घातली. अशा बातम्या वाचल्या की चार डबे भरून ठेवावेसे वाटतात. पण घरात पिणारे कमी असतील तर इतका साठा करण्यात अर्थ नाही. ३० ग्रॅमच घ्या, संपला की पुन्हा घ्या.

आणि बिघडलाच तर? नुसते हलके गोळे असतील तर गाळणीतून चाळून घ्या, बारीक पिठाला ते होतातच. रंग-वास उतरला असेल तर दूध-साखर घालून किंवा केकमध्ये वापरून टाका. ओलसर, घट्ट ढेकळं झाली असतील किंवा कुबट वास येत असेल तर मात्र जीव अडकवू नका, सरळ फेकून द्या.