माहूरचे डोंगर आणि लहान पावलें

नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांत उन्हाळ्याच्या सुटीचा विचार निघाला, म्हणजे हल्लीं केदारनाथ, गंगोत्री, मनाली हीं नांवें सहज ओठांवर येतात. हिमनदी पाहावी, देवदारांच्या वनांतून मुलांना हिंडवावें, ही इच्छा उत्तमच आहे. परंतु जीं मुलें घरापासून शाळेपर्यंतहि वाहनांतून जातात, त्यांना एकदम दहा हजार फुटांवर नेऊन 'आतां चाला' म्हणणें, हा त्यांच्यावर आणि बरोबरच्या आजी-आजोबांवर अन्यायच नव्हे काय? डोंगर चालणें ही शिकावी लागणारी विद्या आहे, आणि तिची शाळा आपल्या जिल्ह्यांतच आहे.

लातूरकरांनीं श्रीगणेशा खरोशाला करावा. औसा तालुक्यांतील या गांवाजवळच्या टेकडींत जांभ्या दगडांत कोरलेलीं लेणीं आहेत. टेकडी मोठ्या माणसाच्या दृष्टीनें अगदींच ठेंगणी. परंतु पांच वर्षांच्या मुलाला ती पर्वतासारखी वाटते, आणि चढ संपल्यावर त्याला थंड, अंधारी गुहा सांपडते. मुलाला डोंगराची गोडी लागते ती उंचीमुळें नव्हे. वाटेच्या शेवटीं कांहीं तरी सांपडलें पाहिजे, एवढीच त्याची अट असते. उदगीरच्या मंडळींना देवर्जनजवळचें हत्तीबेट याच कामीं येईल.

खरी शाळा मात्र माहूरची. किनवट-माहूरचा मुलूख १९५६ सालीं आदिलाबाद जिल्ह्यांतून नांदेड जिल्ह्यांत आला. मराठवाड्याच्या उघड्या, काळ्या रानाची संवय झालेल्या डोळ्यांना तो अजूनहि निराळा दिसतो. पैनगंगेनें या डोंगरांना वळसा घातला आहे. उतारांवर साग, धावडा, तेंदू, मोह, पळस यांचें रान आहे, आणि रानाच्या कडेनें गोंड, कोलाम, आंध लोकांच्या वस्त्या आहेत. रेणुकेचें ठाणें, दत्तशिखर आणि अनसूयेचें शिखर हीं तीन देवस्थानें तीन माथ्यांवर आहेत. शेजारीं जुना किल्ला, त्यांतला तलाव, आणि गांवाजवळ पांडवलेणीं. बहुतेक कुटुंबें हें सारें मोटारींतून एका दिवसांत 'करून' टाकतात. रेणुकेच्या दोनशेंहून अधिक पायऱ्या तेवढ्या पायीं चढतात, आणि तेवढ्यानेंहि दमतात. माझें म्हणणें असें कीं, एका दिवशीं एकच शिखर किंवा केवळ किल्लाच घ्यावा, आणि तो पायांनीं पाहावा.

डोंगर हिंडणें ही साहेबाकडून आलेली हौस आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं श्रावणी पौर्णिमेची माहूरची परिक्रमा पाहावी. भर पावसांत, चिखल तुडवीत, कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकें घेऊन माणसें गडाभोंवतीं चालतात. त्यांत म्हाताऱ्या असतात आणि शाळकरी पोरेंहि असतात. अर्थात् नवशिक्या मुलांना त्या गर्दींत नेऊं नये. नवरात्र व दत्तजयंतीहि टाळावी. कार्तिकापासून माघापर्यंतचे मधले दिवस आपले.

माघानंतर कां नको, हें नीट समजून घेतलें पाहिजे. देवदार बारा महिने हिरवा असतो. आपला साग मात्र नेमकी सांवली हवी तेव्हांच पानें टाकतो. पानांवाटे पाणी उडून जातें, तें कोरड्या दिवसांत वांचविण्याची ही त्याची युक्ति. त्याच्या दृष्टीनें ती शहाणपणाची खरी, पण त्याच्याखालून चालणाऱ्या मुलाच्या डोक्यावर फाल्गुन-चैत्राचें ऊन सरळ पडतें. हिमालयांत जसें थंडीचें भय, तसें आमच्याकडे उन्हाचें, आणि तें अधिक फसवें आहे. कारण थंडी वाजते म्हणून मूल रडतें, पण ऊन लागलेलें मूल गप्प होतें. लहान शरीराचा आकार वजनाच्या मानानें अधिक पसरट असल्यामुळें तप्त हवेंत तें लवकर तापतें. शिवाय मुलांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादांत तहानहि कळत नाहीं. म्हणून मुलानें मागितलें म्हणजे पाणी द्यावें, हा नियम चुकीचा. दर पंधरा-वीस मिनिटांनीं, न मागतां, चार घोट पाजावे. अर्ध्या दिवसाच्या चालीला मुलामागें निदान एक लिटर व मोठ्या माणसामागें दोन लिटर पाणी घरून न्यावें. वर मिळेल या भरंवशावर राहूं नये. हंसतें-बोलतें मूल एकाएकीं चिडचिडें किंवा मुकें झालें, डोकें दुखतें म्हणूं लागलें, त्याला मळमळूं लागलें, कीं चाल तेथेंच थांबवावी. सांवलींत निजवून, कपडे सैल करून, अंग ओलें करावें व वारा घालावा. बोलणें असंबद्ध झालें व अंग भाजत असेल, तर तो उष्माघात होय. अंग गार करीत करीतच दवाखाना गांठावा. अशा वेळीं "शिखर आतां हाकेवर आलें" हें वाक्य उच्चारणाऱ्या वडील माणसास गप्प बसविण्याचा अधिकार घरांतील कोणालाहि असावा!

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपें गणित घालून दिलें: सपाटीच्या दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. हें सशक्त पुरुषांचें गणित झालें. मुलें व वृद्ध बरोबर असतां उत्तर सरळ दुप्पट करावें. तीन मैल वाट आणि पांचशें फूट चढ असेल, तर नेस्मिथचा सव्वा तास, आपले अडीच. सकाळीं सहाला पाऊल उचललें तर साडेआठला आपण वर असूं आणि ऊन चढण्यापूर्वीं खालीं येऊं. परतीची वेळ घड्याळावर आधींच ठरवावी, आणि ती झाली कीं असाल तेथून मागें फिरावें.

सर्वांत पुढें कोणी चालावें? आमच्या घरांतून बहुधा तरणा मुलगा पुढें पळतो, आणि मागचीं माणसें धापा टाकीत त्याला गांठतात. तीं पोंचतात तोंच तो विश्रांति संपवून निघतो. म्हणजे ज्याला विसांव्याची गरज नाहीं त्यालाच विसांवा! ज्याचें पाऊल सर्वांत लहान, त्याला पुढें घालावें; एक जाणता माणूस त्याच्या मागोमाग व दुसरा सर्वांच्या शेवटीं असावा. या रानांत बिबट्या व अस्वलें आहेत. तीं माणसाला टाळतात, तरी पहांटे व तिन्हीसांजेला मुलांना एकटें सोडूं नये. त्यांहून अधिक जपावें तें आग्या मोहोळाला. पडक्या बुरुजाखालीं चूल पेटविणें, दगड भिरकावणें, हें प्राणावर बेतूं शकतें. आजीबाईंच्या गुडघ्यांना चढापेक्षां उतार जाचतो, म्हणून काठी वर जातांना नसली तरी चालेल, येतांना हवीच.

आतां हिमनदीविषयीं. माहूरला वळसा घालणारी हीच पैनगंगा पुढें चंद्रपूरकडे जाते. तिकडे इरई गांवाजवळ चुनखडीचा एक प्राचीन पृष्ठभाग घांसून गुळगुळीत झालेला व त्यावर समांतर ओरखडे उमटलेले आढळले. वर ओरखडलेल्या दगडगोट्यांचा थर. फ्रान्सिस फेडन यानें १८७५ सालीं भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन केलें. सरकत जाणाऱ्या बर्फाचीच ती खूण होती. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं ही भूमि दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, गोंडवन नांवाच्या महाखंडांत होती, तेव्हांची ही गोष्ट. ज्या गोंडांच्या नांवावरून त्या महाखंडाचें नांव पडलें, त्यांच्या वस्त्या माहूरच्या उतारावर मुलांना दाखवितां येतात. दख्खनचा काळा पाषाण तर त्या मानानें कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा.

दोन-तीन हिंवाळे असे चालल्यावर मग खुशाल गंगोत्रीस जावें. तेथें दर श्वासाला मिळणारा प्राणवायु समुद्रसपाटीच्या सुमारें ७० टक्केच असतो. म्हणून पोंचल्यावर निदान एक दिवस स्वस्थ बसावें. डोकें दुखणें, वांती, ग्लानि हीं लक्षणें दिसल्यास वर जाऊं नये. वाढल्यास तत्काळ खालीं उतरावें. अगदीं लहान मुलाला डोकें दुखतें हें सांगतां येत नाहीं; तें खात नाहीं व रात्रभर किरकिरतें, एवढ्यावरूनच ओळखावें लागतें. गोमुख तेथून सुमारें १८ किलोमीटर. निम्म्या वाटेवर चीडबासा, पुढें भोजबासा, आणि दोन्हीं नांवें झाडांवरून, चीड व भूर्ज यांवरून, पडलेलीं. बारा वर्षांखालील मुलें असतां चीडबासाचाहि हट्ट धरूं नये. तास-दोन तास भागीरथीच्या कांठानें जावें, डबा खावा आणि परतावें. या वाटेस वनखात्याचा परवाना लागतो व रोज ठराविकच लोकांना सोडतात, तेव्हां तो घरून निघण्यापूर्वींच मिळवून ठेवावा.