प्रल्हाददादांची मुले आणि कॅसेटचा जमाना

चौदा एप्रिलच्या आठवड्यात दहिसर चेकनाका ओलांडून मीरा रोड, भाईंदरकडे यावे. मंडळे निराळी, निळ्या कमानी निराळ्या, वर्गणीवरून होणारे रुसवेफुगवेही निराळे! मंडपातला आवाज मात्र बहुतेक ठिकाणी एकाच घरातला. कधी प्रल्हाद शिंदे, कधी आनंद, कधी मिलिंद, आणि अलीकडे आदर्श.

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली. त्याच सुमारास मुंबईच्या चाळींतली आपली अनेक कुटुंबे परवडणारी खोली शोधत खाडीच्या या टोकापर्यंत आली. सामानात बाबासाहेबांची तसबीर, पितळेची भांडी आणि टू-इन-वन. बुटाच्या खोक्यात कॅसेटी. त्या कॅसेटींवर शिंदे बंधूंचे फोटो असत.

आज सिनेमाबाहेर स्वतःची गाणी करणाऱ्या मुलामुलींना 'इंडी पॉप' असे झकास नाव मिळाले आहे. आनंद, मिलिंद आणि दिनकर या तीन भावांनी हेच केले, तेव्हा त्याला नाव नव्हते. ना स्टुडिओवाला निर्माता पाठीशी, ना शाळेत शिकलेले संगीत. गुरू घरातच होता. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) लहानपणी आईवडिलांबरोबर गात फिरले, पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला बसले आणि तिथून पुढे आले. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जाईल असा तो गळा. मुलांनी तो जसाच्या तसा घेतला.

ग्रामोफोनची तबकडी गरिबाच्या आवाक्यात नव्हती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि लहानमोठ्या कंपन्यांना रस्त्यावरचा श्रोता दिसू लागला. आनंद शिंदे यांचे 'नवीन पोपट हा' याच लाटेवर आले आणि लग्नाच्या वरातीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजले. पुढे आनंद-मिलिंद हे जोडनाव घरोघरी झाले. (गंमत अशी, की त्याच काळात हिंदी सिनेमात संगीतकार चित्रगुप्त यांची मुलेही आनंद-मिलिंद याच नावाने गाजत होती. तेही सख्खे भाऊ! त्यामुळे कित्येकांची फसगत होई.)

शिष्ट मंडळींनी पोपटाला नाके मुरडली. आम्हांस त्यात वावगे काही वाटत नाही. हसणे, नाचणे हाही माणसाचा हक्क आहे, आणि त्या गाण्याने घर चालले म्हणून भीमगीतांचा गळा शाबूत राहिला.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो आपल्या घराघरांतून निघतो. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या समाजातल्या गायकाने पंढरीची आणि सत्यनारायणाची गाणी का गावीत? प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आजही वारीत वाजतात. काहींना ही विसंगती बोचते, ती आम्हांलाही बोचली आहे. पण जरा बाजाराकडे पाहावे. भक्तिगीतांना आकाशवाणीवर रोज सकाळची वेळ होती. भीमगीतांना तशी रोजची वेळ नव्हती. त्यांचा हंगाम म्हणजे एप्रिलमधील जयंती, ऑक्टोबरमधील धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि सहा डिसेंबर. उरलेल्या महिन्यांत चूल कशावर पेटवायची? नामकरणाला किंवा गृहप्रवेशाला ती गाणी आम्ही आमच्या घरी लावणार नाही, परंतु ती गाणाऱ्या माणसाला ढोंगी म्हणणेही आम्हांला जमणार नाही. ज्या देवळांच्या पायऱ्या आपल्या पूर्वजांना चढू दिल्या नव्हत्या, त्याच देवळांच्या कर्ण्यांवर हा आवाज वर्षानुवर्षे घुमला, हेही विसरून चालणार नाही.

२००४ साल आपल्या गाण्याला जड गेले. १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून रोजी प्रल्हाददादा. पाठोपाठ कॅसेटचा धंदाही बसला. मोबाइलवर गाणी फुकट फिरू लागली आणि गायकाच्या हाती उरला तो रात्रीचा जाहीर कार्यक्रम.

पुढची फळी पुन्हा भावांचीच निघाली. आनंद शिंदे यांचे हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श, तिघेही गाणारे. उत्कर्ष हे डॉक्टर आहेत. 'गाणे की शिक्षण' असा वाद घालणाऱ्या आईबापांनी एवढे लक्षात ठेवावे. आदर्श यांचा आवाज २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटातून सर्वदूर गेला. तेथेही गाणे देवाच्या गाभाऱ्याचेच! मग २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मराठी मालिका आली. तिच्या शीर्षकगीताला आदर्श-उत्कर्ष यांनी संगीत दिले आणि आदर्श यांनी ते गायले. आजोबांच्या काळी भीमगीताला रोजची वेळ मिळाली नव्हती. नातवांच्या काळी ते रोज रात्री सर्व जातींच्या घरांत वाजले. आजी-आजोबा नातवंडांना हाक मारून टीव्हीपुढे बसवू लागले.

एक तक्रार मात्र जुनीच आहे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा असे आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत, कधी मुळीच नसे. आता मोबाइलवर तर तेवढेही उरले नाही. कितीतरी भीमगीते लोकांना तोंडपाठ आहेत, पण कवी कोण ते ठाऊक नाही. येत्या जयंतीला आपल्या मंडळांनी गाणे लावण्यापूर्वी कवीचे नाव माईकवरून सांगावे. त्याला वर्गणी लागत नाही.